एव्हिएशनवर पेपर करायचाय? पुस्तक निवडताना आधी मागची पानं उघडा

सेमिस्टर सुरू झालं की ज्युनियर मुलं विचारायला लागतात, एव्हिएशनवर रिसर्च पेपर करायचाय, एखादं चांगलं पुस्तक सांग ना. मी मेकॅनिकलचा, माझा पेपर राइट बंधूंच्या १९०१ च्या ग्लायडरवर, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानावर, होता आणि तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही, म्हणून जे कामाला आलं ते इथे एकदाच नीट लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट म्हणजे पुस्तकाच्या आधी प्रश्न पाहिजे. विमान हवेत कसं राहतं, एअरलाइन्स तोट्यात का जातात, अपघाताची चौकशी कशी चालते, हे सगळं एव्हिएशनच, पण लायब्ररीत ही पुस्तकं एकमेकांच्या जवळपासही नसतात. प्रश्न एका वाक्यात लिहिता येत नसेल तर इतक्यात पुस्तक घेऊच नका, कारण मग जे जाड दिसतं ते घरी येतं.

माझा प्रश्न होता, १९०१ च्या ग्लायडरला हिशोबाने जेवढी लिफ्ट, म्हणजे पंखाला वर उचलणारा जोर, मिळायला हवी होती तिच्या साधारण एक तृतीयांशच का मिळाली? आता राइट बंधूंवर पुस्तकं ढिगाने आहेत, बहुतेक वाचायला मस्त आहेत, पण याच एका मुद्द्यावर प्रत्येक पुस्तक तपासलं की लगेच कळतं कोण किती खोलात गेलंय. बऱ्याच ठिकाणी एका ओळीत उरकलेलं असतं की आधी ग्लायडर उडवणाऱ्या जर्मनीच्या लिलिएन्थालचं लिफ्टच्या आकड्यांचं टेबल चुकीचं निघालं, संपलं. खरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. राइट बंधू हिशोबात हवेच्या दाबाचा जुना, स्मीटन नावाच्या इंग्लिश इंजिनियरचा गुणांक वापरत होते, ०.००५, तो कित्येक वर्षं पुस्तकांतून तसाच चालत आला होता आणि त्यांच्या स्वतःच्या मोजणीनुसार तो ०.००३३ च्या आसपास निघाला, म्हणजे एवढ्या एका आकड्यानेच हिशोब दीडपट फुगत होता. पण तेवढ्याने एक तृतीयांशपर्यंत घसरण होत नाही, बाकीचं कारण पंखात होतं. १९०१ चे पंख साधारण २२ फूट लांब आणि ७ फूट रुंद, म्हणजे आखूड आणि रुंद, आणि लिलिएन्थालचं टेबल वेगळ्या आकाराच्या पंखावरून काढलेलं. मग राइट बंधूंनी आपल्या गावी, अमेरिकेतल्या डेटनमध्ये, विंड टनेल, म्हणजे आत वारा सोडून मोजणी करायची पेटी, बनवून छोटे छोटे पंख तपासले आणि १९०२ चा ग्लायडर ३२ बाय ५ फुटांचा केला. हे सगळं ज्या पुस्तकात आकड्यांसकट होतं आणि प्रत्येक आकड्याला कुठलं पत्र, कुठली वही याची टीप होती, ते मी घेतलं. भाषा रुक्ष होती, चालतंय.

म्हणून सांगतो, पुस्तक हातात घेतलं की प्रस्तावना राहू दे, आधी शेवटची पानं उघडा. टिपा आहेत का, इंडेक्स आहे का, इंडेक्समध्ये तुमच्या प्रश्नातला शब्द किती पानांवर आहे, आणि टिपा दुसऱ्या पुस्तकांकडे बोट दाखवतात की मूळ कागदांकडे. राइट बंधूंचे मूळ कागद तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने फुकट ऑनलाइन ठेवलेत, एखादी टीप स्वतः तपासून बघा, ती बरोबर निघाली की त्या लेखकावर विश्वास बसतो. तारखाही बघा. विल्बरने सप्टेंबर १९०१ मध्ये शिकागोला इंजिनियर लोकांसमोर दिलेलं भाषण छापील मिळतं, सोनं आहे, पण विंड टनेलची खरी मोजणी त्यानंतरची, त्यामुळे भाषणातून ते उत्तर काढायला जाऊ नका.

आता आपल्याकडच्या मुलांचा हमखास टॉपिक, शिवकर बापूजी तळपदे आणि १८९५ ची चौपाटी, म्हणजे त्यांनी तेव्हा मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं हा दावा. हा टॉपिक घेऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही, फक्त पुस्तक निवडताना फार कडक राहा. "त्या काळच्या पेपरात छापून आलं होतं" असं लिहिलं असेल तर पेपरचं नाव, तारीख, पान दिलंय का? नसेल तर ते वाक्य तुमच्या पेपरात येता कामा नये. या दाव्याला ज्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या संस्कृत ग्रंथाचा आधार दिला जातो त्यावर बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी १९७४ साली अभ्यास छापला, त्यांच्या मते तो ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली विमानं उडण्यासारखी नाहीत. तो आधी वाचा. मग "उडालं की नाही" यात अडकण्यापेक्षा "हा दावा इतकी वर्षं टिकला कसा" असा प्रश्न घेतलात तर तीच सगळी पुस्तकं तुमचा पुरावा होतात, आणि मला तर तो पेपर वाचायला खूप आवडेल.

अपघातावर लिहिणाऱ्यांनी पुस्तकाच्या सालाकडे नीट बघा. केरळमधल्या कोझिकोडचा विमान अपघात ऑगस्ट २०२० चा, चौकशीचा रिपोर्ट २०२१ मध्ये आला, म्हणजे मधल्या काळात जे लिहिलं गेलं ते अंदाजावरच असणार. रिपोर्ट एएआयबीच्या, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर मिळतो, पण तो वाचताना एक लक्षात घ्या की अशी चौकशी पुढचे अपघात टाळण्यासाठी असते, दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी नसते, तसं आंतरराष्ट्रीय नियमातच लिहिलंय. त्यामुळे "रिपोर्टनुसार दोषी अमुक" असं वाक्य लिहू नका.

कायद्याच्या पुस्तकांचं तर अजूनच, १९३४ चा एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट धरून लिहिलेलं जुनं पुस्तक इतिहासाला चालेल, पण १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय, आजच्या नियमांसाठी ते पुस्तक उपयोगाचं नाही. एअरलाइनचा इतिहास असेल, म्हणजे १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं तिथपासून १९५३ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत वगैरे, तर पुस्तक कंपनीने लिहून घेतलंय का ते बघा, असेल तरी घ्या, आतले कागद त्यांनाच मिळतात, फक्त जोडीला बाहेरच्या माणसाचं एक ठेवा.

पैसे घालवायची गरज फारशी पडत नाही. नासाचे जुने टेक्निकल रिपोर्ट फुकट आहेत, एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक खात्याचं, पायलट लोकांचं हँडबुक फुकट आहे आणि बेसिक समजायला उत्तम आहे, शोधगंगा या वेबसाइटवर भारतातले पीएचडीचे प्रबंध आहेत, त्यांच्या संदर्भसूचीतून पुस्तकांची नावं उचला. आणि लायब्ररीतून पुस्तक परत देण्याआधी टायटल पेज, त्याच्या मागचं आवृत्ती आणि सालाचं पान, आणि वापरलेली पानं नंबर दिसतील असे फोटो काढून ठेवा, सबमिशनच्या आदल्या रात्री ते पुस्तक दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर गेलेलं असतं.