जळणाचा अंदाज घेताना होणाऱ्या चुका: झाडाचा सौदा करण्याआधी वाचा

होळी झाली की आमच्या श्रीवर्धनच्या बाजूला पावसाळ्याच्या जळणाची बेगमी सुरू होते आणि माझ्या मोबाइलवर झाडांचे फोटो यायला लागतात. "दादा, हे किती टन भरेल?" फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही. टेप घेऊन झाडापाशी जायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ न काढता हजारोंचा सौदा करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण चुका दरवर्षी त्याच असतात.

बुंध्याला टेप लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. माणूस टेप घेतो आणि थेट मुळाशी वाकतो. तिथे मुळं फुगलेली असतात, घेर भरपूर भरतो. पण घनफळात घेराचा वर्ग येतो. घेर दीडपट धरला गेला, तर कागदावर लाकूड सव्वादोनपट होतं.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडच्या वाड्या आडव्या झाल्या. शेजारच्या वाडीत एक जुना रायवळ आंबा पडला. मालकांनी बुंध्याचा घेर घेतला १० फूट, बेचक्यापर्यंत लांबी १५ फूट. पुढचं गणित चोख होतं: घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १२.५७ (म्हणजे चार गुणिले ३.१४, गोल खोडाचं घनफळ घेरावरून असंच निघतं). आले ११९ घनफूट. एका घनमीटरात ३५.३ घनफूट, आणि ओला आंबा घनमीटरला साधारण टनभर भरतो. म्हणजे सव्वातीन टनांच्या वर. त्या भरवशावर त्यांनी एका भटारखान्याकडून ३ टनांचा विसार घेतला.

त्याच खोडाचा मधला घेर ७ फूट होता. त्या मापाने येतात साडेअठ्ठावन्न घनफूट, म्हणजे निम्म्याहूनही कमी. वर गाभा वाळवीने पोखरलेला. काट्यावर दीड टनसुद्धा भरलं नाही. शब्द दिला होता म्हणून उरलेलं लाकूड त्यांनी लांबून विकत आणलं आणि गाडीभाडं पदरचं घातलं. कटरवाल्याची मजुरी द्यायची होतीच.

आडव्या ओंडक्याचा घेर मी मध्यावरच घेतो. खोड लांब किंवा वेडंवाकडं असेल, तर पाच-पाच फुटांवर खडूने खुणा करून प्रत्येक तुकड्याचा मध्य वेगळा मोजतो. टेपऐवजी सुतळी वापरू नये, ती ताणली जाते. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने दोन-तीन ठिकाणी ठोकून बघतो. आवाज घुमला की आत पोकळ आहे असं धरतो, आणि आकडा सांगण्याआधी तिथे एक काप घेऊन पाहतो.

उभ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्यायचा. उतारावरचं झाड असेल तर चढाच्या बाजूने उंची धरायची. सुरूसारख्या सरळ झाडाला त्या घेरावरून पूर्ण उंचीचं घनफळ काढून त्याच्या निम्म्याहून थोडं कमीच धरावं, कारण खोड वर निमुळतं होत जातं. ६० सेंटिमीटर घेराचा, १५ मीटर उंचीचा सुरू ओला असताना दोनशे किलोंच्या आसपास जातो. लोक त्याला सहज चारशे सांगतात.

चौथाई घेराचा हिशोब जळणाला लावणं

हे मला सर्वांत जास्त खटकतं. व्यापारी घेराला चारने भागतो, आलेल्या आकड्याचा वर्ग करून लांबीने गुणतो आणि घनफूट सांगतो. हिशोब पटकन होतो म्हणून मालकही मान डोलावतो. ही रीत इमारती लाकडाची. त्यात साल आणि कापताना वाया जाणारं लाकूड आधीच वजा धरलेलं असतं, म्हणून खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच येतात. ४ फूट घेराचा १० फुटी ओंडका या रीतीने १० घनफूट, प्रत्यक्षात पावणेतेरा. फळ्या पाडायच्या असतील तर ते रास्त आहे. जळणात साल जळते, ढलप्या जळतात. मग पाचवा हिस्सा कशासाठी सोडायचा? एक तर १२.५७ ने भागून घ्या, नाहीतर सरळ वजनावर द्या.

रचलेली रास म्हणजे भरीव लाकूड समजणं

१० फूट लांब, ४ फूट रुंद, ५ फूट उंच रास म्हणजे २०० घनफूट लाकूड नव्हे. सरळ खांडकी घट्ट रचली तरी सव्वाशेच्या आसपास. वाकड्या फांद्यांची रास असेल तर निम्मंही कठीण. विकत घेणाऱ्याने राशीच्या मागच्या बाजूलाही जाऊन बघावं.

ओलं वजन घरच्या हिशोबात धरणं

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं पाणी धरलं, तर एक टन ओलं लाकूड नीट वाळून सव्वासहाशे किलोंच्या आत-बाहेर उरतं. पावसाळाभर बंब पेटवायचा असेल तर याच आकड्यावर बेत करा. मे महिन्याच्या शेवटी तोडून जुलैत जाळायची घाई करणाऱ्यांच्या घरात नुसता धूर होतो. थंडी सरता सरता तोडावं, लगेच फोडावं, जमिनीपासून वर रचावं.

सावर, पांगारा यांची गाडी दिसायला भरगच्च असते, पण तेवढ्याच जागेत मावणाऱ्या बाभळीच्या निम्म्यानेही वजन भरत नाही. पसरट आंब्याच्या फांद्या हिशोबात वेगळ्या धरा, त्या पुष्कळ भरतात. काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन आपल्यासमोर करून घ्या, चालकाने सांगितलेलं लिहू नका. आणि आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, मग ती आपल्या मालकीच्या जमिनीत का असेनात. वाहतुकीच्या पासाचीही चौकशी वन खात्यात आधी करा, विसार त्यानंतर घ्या.