हवामान निरीक्षणांचा फॉरमॅट बदलतो तेव्हा: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

हवामान निरीक्षणांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची देखभाल करण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करत आहे. फॉरमॅट बदलल्यामुळे प्रोग्राम बंद पडला, तर त्याची फारशी चिंता करू नये, कारण तो त्याच दिवशी लक्षात येतो आणि दुरुस्तही होतो. जो प्रोग्राम विनातक्रार चालू राहतो आणि पटण्याजोगे पण चुकीचे आकडे देतो, तो मात्र वर्षानुवर्षांच्या नोंदी बिघडवतो.

जमिनीवरील निरीक्षणे पूर्वी सिनॉप संदेशातून, म्हणजे पाच-पाच अंकांच्या गटांतून येत असत आणि सरावलेला माणूस ती नुसत्या डोळ्यांनी वाचू शकत असे. जागतिक हवामान संघटनेने त्यांच्या जागी ‘बफर’ हा द्विमान (फक्त ० आणि १ यांत लिहिलेला) फॉरमॅट आणला; त्यातील प्रत्येक आकड्याचा अर्थ ठरलेल्या तक्त्यांतून लावायचा असतो. जुने आणि नवे संदेश समांतर पाठवण्याची मुदत नोव्हेंबर २०१४ मध्ये संपली, तरी काही देशांकडून जुने संदेश पुढेही येत राहिले. त्यामुळे दोन्ही प्रकार वाचता येणे आजही आवश्यक आहे.

पावसाचेच उदाहरण घ्या. सिनॉपमध्ये ६९९०४ असा गट आला, तर पहिला ६ हा पर्जन्यगटाची खूण, शेवटचा ४ म्हणजे मागील २४ तास आणि मधले ९९० म्हणजे मोजता न येण्याइतकी भुरभुर. ९९१ ते ९९९ हे आकडे ०.१ ते ०.९ मिलिमीटर पाऊस दाखवतात. बफरमध्ये हीच भुरभुर उणे ०.१ अशी येते. उणे आकडा म्हणजे नोंद नाही, असे गृहीत धरणारा प्रोग्राम तो दिवसच गाळून टाकतो, तर सरळ बेरीज करणारा प्रोग्राम महिन्याचा पाऊस थोडा कमी दाखवतो.

९९० हा आकडा मिलिमीटर म्हणून वाचला जाऊ नये यासाठी ५०० च्या वरचे सगळे फेकून देण्याची कल्पना नव्या माणसाला हमखास सुचते. पण २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच वेळी कुलाब्यात ७५ मिलिमीटरही पडला नाही. म्हणजे कमाल मर्यादेची चाळणी आणि शेजारच्या केंद्राशी तुलना, या दोन्ही चाचण्यांनी ती खरी नोंद बाद केली असती. संकेतांकाचा अर्थ तक्त्यातूनच लावावा. अंदाजाने लावलेल्या मर्यादेवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे.

तापमानातही असाच एक बारकावा आहे. सिनॉपमधील २५.४ अंश सेल्सिअस बफरमध्ये केल्विनमध्ये जातात, म्हणजे २९८.५५. संदेशात तापमानासाठी तक्त्यातील जुना, एकच दशांश स्थळ ठेवणारा घटक (आकडा साठवण्याची नोंद) वापरला असेल, तर शेवटचा ५ टिकत नाही आणि परत सेल्सिअस करताना ०.०५ अंशाचा फरक पडतो. १२ बिटांच्या याच घटकात सगळे बिट १ असणे म्हणजे नोंद नसणे. हे न पाहणारा डीकोडर, म्हणजे संदेश उलगडणारा प्रोग्राम, ४०९.५ केल्विन तापमान देतो, पण ती चूक निदान लगेच दिसते.

केंद्राच्या क्रमांकाकडेही लक्ष द्यावे. सांताक्रूझचा ४३००३ हा क्रमांक आता ०-२००००-०-४३००३ अशा लांब ओळखीतही येतो आणि तिचा शेवटचा भाग १६ अक्षरांपर्यंत असू शकतो. डेटाबेसमध्ये तो रकाना पूर्णांकाचा असेल, तर ही ओळख त्यात मावत नाही आणि ब्रिटनच्या ०३ ने सुरू होणाऱ्या केंद्रांचे शून्यही गळून पडते.

संदेश उलगडण्यासाठी ईसीकोड्ससारखी मुक्त लायब्ररी (तयार प्रोग्रामसंच) अवश्य वापरावी, परंतु त्याआधी एखादा सिनॉप संदेश कागदावर स्वतः उलगडून पाहावा. मूळ संदेश जसेच्या तसे जपून ठेवावेत आणि प्रत्येक बफर संदेशातील तक्त्याची आवृत्ती नोंदवावी, म्हणजे पुढे शंका आल्यास माहिती पुन्हा उलगडता येते. जुना आणि नवा प्रोग्राम काही काळ शेजारी-शेजारी चालवून केंद्रवार आकडे ताडून पाहावेत आणि त्या काळात पावसाळ्याचा निदान एक महिना यायलाच हवा, कारण भुरभुर आणि अतिवृष्टी या दोन्हींच्या नोंदी कोरड्या महिन्यांत क्वचितच सापडतात.