व्हॅनची मागची बॅटरी चार्ज होत नाही? नवी घेण्याआधी या चुका टाळा

विदर्भात उन्हाळ्यात कॅम्पर व्हॅन घेऊन फिरणाऱ्यांची ठरलेली तक्रार असते, मागची बॅटरी चार्जच होत नाही. (पुढची बॅटरी इंजिन सुरू करते, मागची पंखा-फ्रिज चालवते आणि गाडी चालू असताना पुढून आलेल्या वायरीने भरते.) पहाटे पंखा बंद पडतो, फ्रिजमधलं दूध नासतं आणि गावातला मेकॅनिक टर्मिनल हलवून पाहून निकाल देतो, "बॅटरी बसली भाऊ, नवीनच टाका." नवी येते, दोन-चार दिवस बरी चालते, कारण ती दुकानातूनच भरून आलेली असते. मग पुन्हा तेच. दोष वायरीत असेल तर बॅटरी बदलून तो जायचा कसा? त्यापेक्षा काहीशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर घ्या आणि खालच्या चुका एकेक करून तपासा.

इंजिन बंद केल्या केल्या व्होल्टेज मोजणं

त्या वेळी मीटर १३ च्या आसपास दाखवतो आणि आपण खूश होतो. तो आकडा वरवरचा असतो. सगळे दिवे, पंखा, फ्रिज बंद करा, सोलर तोडा आणि चार-पाच तासांनी मोजा. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ म्हणजे संपल्यातच जमा. लिथियम फॉस्फेट बॅटरीला हे गणित लावू नका. ती बराच काळ १३.२-१३.३ लाच चिकटून असते, तिची खरी स्थिती शंट मीटरवरूनच (आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहणारा मीटर) कळते.

फक्त बॅटरीवर मोजणं, वाटेत न मोजणं

बहुतेक घोटाळे इथेच सापडतात. इंजिन चालू करून थोडी रेस ठेवा आणि पुढच्या बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ मिळाले तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, ठीक आहे. १२.५ च्या आत असेल तर आधी बेल्ट आणि अल्टरनेटरचा मोठा फ्यूज बघा. (आपल्याकडे मेकॅनिक अल्टरनेटरला डायनॅमोच म्हणतात, गोंधळू नका.)

आता मागची बॅटरी अर्धी उतरलेली असतानाच पुढची चाचणी करा, कारण वायरीतून करंट वाहत नसेल तर तिच्यातली गळती दिसतच नाही. मीटरची एक पिन पुढच्या बॅटरीच्या प्लसवर, दुसरी मागच्या बॅटरीच्या प्लसवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवतात. मग मायनसपासून मायनसपर्यंत तसंच. दोन्ही मिळून ०.३-०.४ पर्यंत चालून जाईल. त्याहून जास्त असेल तर पिन पुढे सरकवत जा: फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, रिलेच्या (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच) अलीकडे-पलीकडे, प्रत्येक लगवर (वायरीच्या टोकाची धातूची कडी). आकडा जिथे उडी मारेल तिथे चोर आहे.

उदाहरण घ्या. जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची वायर, जाडी ६ चौरस मिलिमीटर. तिच्यातून ३० अँपिअर न्यायचे तर जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. समोरून १४.२ निघतात, मागे १३.३ पोचतात आणि बॅटरी मग तेवढा करंट घेतच नाही. २५ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर हीच गळती ०.२ च्या आसपास येते. वायर बदलताना दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज हवाच, आणि तोही वायरीला झेपेल एवढाच.

मायनसच्या बाजूकडे फारसं कुणी बघत नाही. बॉडीला अर्थ दिलेला बोल्ट रंगावरच आवळलेला असतो, एका पावसाळ्यात त्याखाली गंज धरतो. पत्रा चकाकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फुललं असेल तर खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी पुरतं. आधी मायनस काढा, जोडताना मायनस शेवटी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.

बीएस-६ गाडीला जुना रिले लावणं

अनेक नव्या गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो आणि डिझेल-पेट्रोल वाचवायला ते मधूनच खाली आणतो. व्होल्टेज पाहून जुळणारा रिले १३.३ च्या आसपास जोडतो, १२.८ ला सोडतो. म्हणजे गाडी धावत असते आणि मागे काहीच जात नसतं. इथे डीसी-डीसी चार्जरला पर्याय नाही, तो पुढून येणारं व्होल्टेज कमी असलं तरी वाढवून मागच्या बॅटरीला देतो.

चार्जर बसवला तरी हिशेब करा. अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदऱ्याला दोन-अडीच तास लागतात. ३० अँपिअरच्या चार्जरने फार तर ६०-७५ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) मिळतील, लेड-ॲसिडला त्याहून कमी, कारण शेवटचा पाचवा हिस्सा ती रेंगाळत भरते. आणि मे महिन्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबतच नाही. सरासरी ३ अँपिअर धरले तरी दिवसाचे ७२ झाले. तेव्हा 'चार्ज होत नाही' यातल्या निम्म्या तक्रारी विजेच्या जास्त खर्चाच्या असतात, असं माझं मत.

सावलीत गाडी, सोलर छतावर

४५ अंशांत ताडोब्याजवळ मोहर्लीला कडुलिंबाखालीच गाडी लावणार, त्यात चूक काही नाही. फक्त मग छतावरच्या पॅनलकडून अपेक्षा ठेवू नका. एका फांदीची सावलीसुद्धा उत्पादन कोसळवते. सुटं पॅनल लांब वायरीने उन्हात ठेवणं बरं. चंद्रपूर-वणीकडे कोळशाची धूळ बसते, ती रोज पुसा. सोलरचा कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधलं, चार्जिंग सांभाळणारं यंत्र) जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना उलट.

उष्णता विसरणं

बंद गाडीत लिथियम बॅटरी एवढी तापते की तिचा बीएमएस (बॅटरीतच असलेलं संरक्षक सर्किट) चार्जिंग रोखतो. मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते, बॅटरीच्या माहितीपत्रकात बघा. दुपारी चार्ज नाही आणि रात्री सगळं सुरळीत, असं असेल तर हाच संशय घ्या आणि बॅटरीला हवा मिळेल अशी जागा द्या.

लेड-ॲसिडची अडचण उलटी. १४.४ हा आकडा २५ अंशांसाठी ठरवलेला असतो, ४५ अंशांत तो ०.४ च्या आसपास कमी लागतो. तापमान सेन्सर नसलेला चार्जर पाणी उडवत राहतो आणि प्लेटा उघड्या पडतात. पाणी डिस्टिल्डच टाका. बोअरचं नको, आणि अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचं तर नावच नको.

गावातल्या प्लगवर भरवसा

शेतीपंप चालू झाले की गावात व्होल्टेज पडतं. त्यात पन्नास फुटांची बारीक एक्स्टेन्शन वायर असेल तर चार्जरचा दिवा लागतो, पण करंट जात नाही. चार्जर चालू असताना त्याच सॉकेटमध्ये मोजा, रिकाम्या सॉकेटवरच्या २३० ला काही अर्थ नाही. एसी मोजताना पिनांच्या धातूला बोट लागू देऊ नका. वायर जाड घ्या किंवा पंप बंद असताना रात्री लावा.

एवढं सगळं नीट निघालं तरच बॅटरीवर या. पूर्ण भरून रात्रभर सुटी ठेवा. सकाळी १२.४ च्या खाली आली, किंवा हायड्रोमीटरने एखाद्या सेलची ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) बाकीच्यांपेक्षा बरीच कमी दाखवली, तर ती खरंच गेली. दुकानात लोड टेस्ट करून घ्या, नव्या बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा आणि जुनीचे पैसे बिलातून वजा करून घ्यायला विसरू नका.