जर्मनीत उतरलात का? आधी डब्ब्यावर नाव लावा

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या लातूर, नांदेड, परभणीकडची लेकरं जर्मनीत लई यायलेत, कोणी ब्लू कार्डवर म्हणजे शिकलेल्यांच्या नोकरीच्या परमिटवर, कोणी नर्सिंगला, कोणी आउसबिल्डुंगला म्हणजे काम करत शिकायच्या कोर्सला, आणि २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं इथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यासोबत करार केल्यापासून तर गावाकडनं सारखा कोणाचा तरी फोन असतो की ताई, पोरगं यायलंय, जरा बगा. माझं गाव औसा तालुक्यातलं, २०१४ पासून मी श्टुटगार्टजवळ राहते. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगते, म्हणलं एकदा लिहूनच टाकावं. हे मुख्य करून वर्क व्हिसावर आलेल्यांसाठी आहे, शिकायला आलेल्यांचं काही बाबतीत वेगळं असतंय.

आपल्याकडं पोस्टमनला अख्खी गल्ली पाठ असते, पाकिटावर फलाण्याचा जावई एवढं लिहिलं तरी पत्र घरी येतंय. इथं बिल्डिंगच्या खाली पत्रांचे डब्बे असतात, डब्ब्यावर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. फ्लॅट नंबर हा प्रकारच बहुतेक ठिकाणी नाही, फक्त रस्ता, घर नंबर आणि आडनाव. आणि या देशात सगळं पत्रानं चालतंय. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात, इन्शुरन्सचं कार्ड पत्रानं, टॅक्स नंबर पत्रानं, आउसलेंडरबेह्योर्डेची म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसची तारीख सुद्धा बऱ्याचदा पत्रानंच.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी एका खोलीत भाड्यानं राहिले, डब्ब्यावर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं, मी चावी घेतली आणि कामाला लागले. दीड महिना झाला तरी एक बी पत्र नाही, मला वाटलं इथलं काम निवांत असेल. मग पगाराची स्लिप आली तर टॅक्स क्लास सहा लागलेला, म्हणजे सगळ्यात जास्त कापणारा, कारण टॅक्स नंबर ऑफिसला पोचलाच नव्हता. घरी पैसे पाठवायचे होते, एज्युकेशन लोनचा हप्ता होता, मी जिन्यातच स्लिप हातात धरून उभी राहिले. खालच्या मजल्यावरच्या आजी बाजार घेऊन येत होत्या, त्यांनी माझा चेहरा बघितला, मला जर्मन येईना आणि त्यांना इंग्रजी येईना, तर त्यांनी माझा हात धरून मला डब्ब्यांजवळ नेलं, एकेका नावावर बोट ठेवत गेल्या आणि माझ्या डब्ब्यावर बोट ठेवून नुसती मान हलवली. घरात जाऊन पेन आणि चिकटपट्टी आणली आणि माझं आडनाव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून लावलं. आठवड्यानं पहिलं पत्र पडलं. कापलेले पैसे नंतर हिशोबात परत मिळाले, पण ते दोन महिने मी कसे काढले मलाच माहीत.

म्हणून चावी हातात पडली की आधी डब्बा आणि बेल दोन्हीवर आडनाव लावा. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर त्यांच्या नावाखाली तुमचं. पत्र आलं की त्याच दिवशी उघडा, समजत नसलं तर फोनमध्ये भाषांतर करून बघा, पण टेबलावर गठ्ठा होऊ देऊ नका. पिवळं पाकीट, म्हणजे सरकारी नोटीस, आलं तर हातातलं काम सोडून उघडा, त्यावर पोस्टमन तारीख लिहून जातो आणि त्या तारखेपासून मुदत चालू होते, तुम्ही वाचलं का नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

नाव लागलं की आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही तर भारतातनंच वेबसाइट बघत राहा, सकाळी सकाळी रद्द झालेल्या जागा दिसतात. घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, नाव केवढं बी मोठं असू द्या, तो नसेल तर नोंद होत नाही, आणि तो द्यायला जो मालक नाही म्हणतो ते घर घेऊच नका. नोंदीनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत टॅक्स नंबर पत्रानं येतो. पुन्हा घर बदललं की पुन्हा नोंद.

आपल्या नावांचा घोळ इथं लई होतो. आपलं दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, पासपोर्टवर वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडून, आणि इथले लोक ते दोन्ही तुमचंच नाव समजतात. समजू द्या. फक्त पासपोर्टवर जसं आहे अक्षर अन् अक्षर तसंच बँकेत, इन्शुरन्सला, ऑफिसला, सगळीकडं एकच लिहा. लग्न झालेल्या पोरींनी तर निघायच्या आधीच बघून घ्या, लग्नाच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असलं तर इथं बसून दुरुस्त करायला लई त्रास होतो.

घराचं सांगायचं तर जाहिरातीत काल्टमीटे लिहिलेलं असतं ते नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग आणि बाकीचा खर्च धरून, वीज बहुतेक त्याच्या बी बाहेर. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला कायद्यानं हक्क आहे. घर बघायच्या आधी, चावी कुरियरनं पाठवतो म्हणून पैसे मागणारा माणूस फसवणारा असतो, शंभर टक्के. फोटो कितीही भारी असू द्या. आणि रिकाम्या घरात ओटा, शेगडी, दिवे काहीच नसतं असं बी होतं, छतातनं नुसत्या वायरी लोंबतात, त्याचा खर्च धरून चला.

पगार. ऑफर लेटरवरचा आकडा हातात येत नाही. एकट्या माणसाला टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स कापून साठ-पासष्ट टक्के हातात पडतात, गावाकडं आधीच मोठा आकडा सांगून बसू नका, मग तेवढ्याची अपेक्षा होते. रेडिओ-टीव्हीची फी म्हणून महिन्याला १८.३६ युरोचं पत्र येतं, टीव्ही नसला तरी भरावं लागतं, पण ते घराला असतं माणसाला नाही, म्हणून तिघं एका घरात असाल तर एकानंच भरायचं. हाफ्टप्फ्लिश्ट नावाचा इन्शुरन्स पहिल्या महिन्यातच घ्या, तुमच्या हातनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरतो आणि वर्षाला फार लागत नाही. भारतातलं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं खातं, करून घ्या आणि तिकडचं सिम चालू ठेवा, ओटीपीसाठी सगळ्यांचीच गाडी तिथं अडते.

व्हिसाचं लक्षात ठेवा, पासपोर्टवरचा शिक्का काही महिन्यांचाच असू शकतो, तो संपायच्या आधी इथं राहायच्या परमिटच्या कार्डासाठी अर्ज गेला पाहिजे. अर्ज वेळेत गेला आणि कार्ड उशिरा आलं तर मधल्या काळाचा एक कागद मिळतो, त्या कागदावर भारतात जाऊन परत येता येतं का हे तिकीट काढायच्या आधी परदेशी लोकांच्या ऑफिसला विचारा. ब्लू कार्डवर पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर कळवावं लागतं. ब्लू कार्डवाल्यांना कायमचं राहायचं परमिट जर्मन भाषेची B1 पातळी असेल तर २१ महिन्यांत, त्याच्या खालची A1 असेल तर २७ महिन्यांत मागता येतं, पेन्शन तेवढे महिने भरलेलं पाहिजे. सहा महिन्यांचा फरक नुसत्या भाषेचा आहे. फोल्क्सहोखशूले म्हणजे मोठ्या माणसांच्या क्लासची सरकारी शाळा बहुतेक शहरांत असते, संध्याकाळचे क्लास स्वस्तात होतात, पहिल्या महिन्यातच नाव घाला. ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात म्हणून माझी दोन वर्षं वाया गेली, ते आजपर्यंत मनाला लागतं.

बिल्डिंगचे नियम आजींनीच शिकवले. आमच्या स्वाबियन भागात केरवोखे असतो, आळीपाळीनं एकेका घरानं आठवडाभर जिना झाडून पुसून काढायचा, पाळी आली की शेजारी तुमच्या दाराच्या मुठीला पाटी अडकवून जातो. ती पाटी दिसली की जिना झालाच पाहिजे, मग शनिवार रात्र का असंना. रात्री दहानंतर मिक्सर, वॉशिंग मशीन नाही, रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच. ठेचा, फोडणी करताना खिडकी सताड उघडा, नाहीतर छताचा स्मोक अलार्म वाजतो, आणि थंडीत बी रोज दोन-तीन वेळा पाच मिनिटं खिडक्या उघडाच, भिंतीला बुरशी आली तर भांडण घरमालकाशी होतं. तब्येत बिघडली तर ११२ जिवावरचं असेल तेव्हा, पोलीस ११०, आणि रात्री-सुट्टीत डॉक्टर पाहिजे असेल तर ११६११७.

नोव्हेंबरपासून जपा. साडेचारला अंधार पडतो, ऑफिसातनं घरी येऊन दार लावलं की दोन-दोन दिवस तोंडातनं मराठी शब्द निघत नाही. पहिल्या वेळ अमावस्येला आमच्या घरची सगळी शेतात जेवायला बसलेली, तिकडं दुपारचा एक, इथं सकाळचे साडेआठ, भावानं व्हिडिओ लावून भज्जी आणि आंबील दाखवलं आणि मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. आता त्या दिवशी सुट्टी टाकते. तुरकी दुकानात हरभरे मिळतात, तूर आणि ज्वारीचं पीठ इंडियन दुकानात, भज्जी होते. जवळ असाल तर या जेवायला, आधी फोन करा फक्त.

येताना येसर, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त आणा. तूप, पेढे, खवा बॅगेत घालू नका, दुधाचं आणि मटणाचं युरोपात आणायला बंदी आहे, आईनं प्रेमानं कढवलेलं तूप विमानतळावर टाकून द्यावं लागतं. ओरिजिनल कागद हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. सोबत एक जाड मार्कर आणि चिकटपट्टी ठेवा. आणि घर मिळालं की पत्ता मला पाठवा, मी इथनं एक साधं कार्ड पोस्टात टाकते, ते तुमच्या डब्ब्यात पडलं की समजायचं नाव नीट लागलंय.