अमेरिकन पासपोर्ट, मराठी पोट आणि बेलग्रेड: राहायचं कसं, फिरायचं कसं

नवऱ्याच्या कंपनीने बेलग्रेडला, म्हणजे सर्बियाच्या राजधानीत, पाठवायचं ठरवलं तेव्हा आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या अर्ध्या ग्रुपने सायबेरिया ऐकलं आणि एकीने तर जाडजूड जॅकेटपण आणून दिलं. सर्बिया बाई, सर्बिया! उन्हाळ्यात इथे ३८ डिग्री होतं. आता तिसरं वर्ष चालू आहे आणि महिन्यातून एखादा तरी मेसेज येतोच की आम्हीपण येतोय, काय काय करायचं ते सांग, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आणि आधीच सांगते, वीस वर्षं जर्सीत राहून लागलेल्या सवयी इथे फार कामाला येत नाहीत, साताऱ्याला आजीकडे लागलेल्या येतात.

आधी कागदपत्रं, कंटाळवाणं आहे पण टाळू नका. अमेरिकन पासपोर्टवर कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. भारतीय पासपोर्टवाल्यांना पूर्वी ३० दिवस असंच येता यायचं, ती सवलत १ जानेवारी २०२३ पासून बंद झाली. म्हणजे घरात एकाकडे अमेरिकन आणि दुसऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर दोघांचे नियम वेगळे, वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवरही येता येतं पण तिकीट काढायच्या आधी दूतावासाला एकदा विचाराच, विमानतळावर वाद घालत बसायला नको. जास्त राहायचं तर बोराव्हाक म्हणजे तात्पुरत्या रहिवासाचा परवाना लागतो, नोकरीवाल्यांसाठी २०२४ पासून राहण्याचा आणि कामाचा परवाना एकत्रच मिळतो आणि अर्ज ऑनलाइन होतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बेली कार्तोन, शब्दशः पांढरं कार्ड. तुम्ही कुठे राहताय याची नोंद २४ तासांत पोलिसांकडे व्हावी लागते, हॉटेलात उतरलात तर ते लोक करतात, भाड्याच्या घरात मालकाने करायची असते. आमचे पहिले घरमालक "नेमा प्रोब्लेमा, नेमा प्रोब्लेमा" करत राहिले आणि केलंच नाही, मग परवान्याच्या वेळी आमची जी पळापळ झाली ती विचारू नका. तेव्हा किल्ली हातात घेतानाच कार्ड मागा. गोड बोलून मागा, पण मागाच.

अमेरिकेचं शेपूट काही सुटत नाही बरं का. टॅक्स रिटर्न इथे राहूनही भरावंच लागतं, परदेशात राहणाऱ्यांना १५ जूनपर्यंत मुदत आपोआप मिळते पण देणं असेल तर व्याज एप्रिलपासूनच लागतं. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेले की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्मही भरायचा, आणि त्यात पुण्याच्या बँकेतली एफडीपण धरायची, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच नसतं. दोन देशांत टॅक्सचा करार नाही, सो चांगला सीए गाठा.

घराचं. इथे वीज २३० व्होल्टची. माझा जर्सीहून आणलेला ब्लेंडर पहिल्याच चटणीला धूर सोडून गेला, खोबरं तसंच, वर जळका वास. आईने दिलेला पुण्याचा मिक्सर मात्र पिनेला अडॅप्टर लावून आजपर्यंत घरघरतोय! तेव्हा अमेरिकेची उपकरणं विकून या आणि भारतातली घेऊन या. बऱ्याच घरांत रात्रीची वीज स्वस्त असते, शेजारपाजारची वॉशिंग मशीन्स रात्री का सुरू होतात ते मला तेव्हा कळलं. बिल्डिंगचं सेंट्रल हीटिंग साधारण १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल चालतं, मधल्या काळात स्वेटर घाला. ड्रायर विसरा, दोरी बांधा. बूट दाराशी काढायचे, आत पापुचे म्हणजे घरातल्या सपाता, पाहुण्यांसाठीही जादा जोड ठेवतात. आणि दोन समोरासमोरच्या खिडक्या एकदम उघडू नका, त्या वाऱ्याच्या झोताला प्रोमाया म्हणतात आणि मान आखडण्यापासून दातदुखीपर्यंत सगळ्याचं खापर त्याच्यावर फुटतं. अमेरिकन लोक हसतात, मला तर आजीच आठवते, कानाला रुमाल बांध गं म्हणणारी.

भाषेला घाबरू नका. सिरिलिक आणि लॅटिन दोन्ही लिप्या चालतात, अक्षरं ३०, आणि एकोणिसाव्या शतकात भाषासुधारक वुक काराजिच यांनी लावलेला नियम असा की बोलता तसं लिहा, म्हणजे आपल्यासारखंच, स्पेलिंग नावाची भानगडच नाही. अमेरिकन मित्रांची जीभ "त्स" ला अडखळते, आपल्याला तो उच्चार चमचातल्या च मध्ये आयता मिळतो, चहातला च त्यांच्याकडे वेगळा. शेचेर म्हणजे साखर, हा मुळात आपल्या संस्कृत शर्करेचाच, आणि बादेम म्हणजे बदाम, दुचान म्हणजे दुकान, हे दोन अरबी-फारसीतून आपल्याकडे आले आणि तुर्कीतून त्यांच्याकडे. तू आणि तुम्ही हा भेदही आहे, ती आणि वी, मोठ्यांना वीच म्हणायचं, अमेरिकन लोक इथे हमखास चुकतात आणि आपण चुकायचं काही कारण नाही. रोजच्याला एवढं बास: दोबार दान, ह्वाला, मोझे म्हणजे चालेल, आणि पोलाको म्हणजे हळूहळू, सावकाश. हा शेवटचा दिवसातून दहा वेळा ऐकाल.

एक फसगत मात्र होणार. कॅफेत जाऊन "चाय" मागितलात तर पुदिन्याचा नाहीतर कॅमोमाइलचा काढा येतो, मी मागितला तेव्हा वेटरने काळजीने विचारलं की बरं वाटत नाहीये का. साधा चहा हवा तर त्सर्नी चाय म्हणजे काळा चहा म्हणून मागा, दूध वेगळं मागा, आणि फार अपेक्षा ठेवू नका. त्यापेक्षा दोमाचा काफा घ्या, छोट्या पितळी भांड्यात उकळलेली, तळाला गाळ राहणारी. आणि ती कागदी कपात घेऊन पळायचं नाही! कॉफी प्यायला जाऊ या म्हणजे निदान दीड तास बसायचं, एका कपावर, बिल कोणी आणून आपटत नाही, तुम्हीच "राचून, मोलिम" म्हणायचं. पहिले सहा महिने मी घड्याळ बघायचे. आतमध्ये सिगारेटी ओढतात हा मोठा वैताग आहे, बाहेरची टेबलं बघा. टिप साधारण दहा टक्के, जर्सीसारखं वीस-पंचवीस देऊन भाव वाढवू नका.

आता पोटाचं, कारण शाकाहारी लोकांचे मेसेज सगळ्यात जास्त येतात. इथे मांसाशिवाय चैन पडत नाही लोकांना, चेवापी, प्ल्येस्काविता, सगळं निखाऱ्यावर भाजलेलं. पण एक शब्द पाठ करा: पोस्नो. म्हणजे ऑर्थोडॉक्स लोकांच्या उपवासाचं, त्यात मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, थोडक्यात आपला बटाटा-साबुदाण्याचा कारभार नव्हे पण भावना तीच. ईस्टरच्या आणि ख्रिसमसच्या आधी कित्येक आठवडे बेकऱ्यांत पोस्नो पाट्या लागतात, बटाट्याचा क्रोम्पिरूशा, पालकाचे, सफरचंदाचे रोल. फक्त मासा पोस्नोमध्ये चालतो, तेव्हा "रीबा" नाही ना एवढं विचारायचं. एरवी प्रेब्रानात्स म्हणजे कांदा घालून भट्टीत लावलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया, भाकरीबरोबर हाणता येतात, आणि भाकरीची हौस प्रोया भागवते, मक्याच्या पिठाची. सकाळी चीजचा बुरेक, म्हणजे पापुद्र्यांचा भरलेला पाय, आणि पातळ दही, त्याला हे लोक योगुर्त म्हणतात, आपलं ताक घट्ट केलं तर जसं लागेल तसं. भाजीला पियात्सावर जा, कालेनिच किंवा झेलेनी वेनात्सची मंडई, कायमाक म्हणजे घट्ट साय आणि चीज चाखायला देतात, जूनमध्ये रासबेरीचे खोके बघून डोळे दिपतात. कोथिंबिरीची जुडी दिसली की दोन घ्या, पुन्हा कधी दिसेल नेम नाही. बेसन "झ्द्रावा ह्राना" म्हणजे हेल्थ फूड अशा पाटीच्या दुकानात, चण्याचं पीठ म्हणून मागायचं.

आता स्लावा, यावर जरा जास्त लिहिते कारण हे कळलं की सर्बिया कळायला लागतो. प्रत्येक घराचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे जाणारा, लग्न झालं की बाईकडे नवऱ्याच्या घरचा येतो, आणि वर्षातून एकदा त्याचा दिवस घरी करतात. म्हणजे आपलं कुलदैवतच की! नवऱ्याच्या अमेरिकन सहकाऱ्याला हे समजावायला मला अर्धा तास लागला, सासूबाईंना फोनवर एका वाक्यात कळलं. २०१४ पासून युनेस्कोच्या यादीतही आहे. सगळ्यात जास्त घरांत १९ डिसेंबरचा सेंट निकोलस, निकोल्यदान. आणि त्याचं आमंत्रण द्यायची पद्धत नाही, एकदा बोलावलं की दरवर्षी आपलं आपण जायचं. समोरच्या कोमशिनित्सा, म्हणजे शेजारीणबाई, सत्तरीच्या, त्यांनी पहिल्या डिसेंबरला जिन्यात सांगितलं की या, आणि मी जर्सीच्या हिशोबाने बारा गुलाब घेऊन गेले, डझनभर, छान कागदात. बाईंनी गालाला तीनदा गाल लावला, गुलाब घेतले, आत जाता जाता एका हाताने अलगद एक काढला आणि खिडकीतल्या कुंडीत खोचला, एक शब्द न बोलता. नंतर त्यांच्या सुनेने सांगितलं, सम संख्येत फुलं फक्त मयताला नेतात. तेव्हा पाच न्या, सात न्या, अकरा न्या. सोबत वाइनची बाटली किंवा कॉफीचं पाकीट.

आत शिरल्यावर पहिल्यांदा झिटो पुढे येतं, शिजवलेले गहू, अक्रोड, साखर, एकच चमचा घ्यायचा आणि चमचा ठेवलेल्या पेल्यात परत ठेवायचा, वाटीत नाही. आमच्याकडच्या गव्हाच्या खिरीची कोरडी बहीण म्हणा. मग बसायचं. निकोल्यदान उपवासात येतो म्हणून जेवण पोस्नो, मासा सोडला तर मला सगळं चाललं, तांदूळ-अक्रोड भरलेल्या कोबीच्या सार्मा तर चार खाल्ल्या. ताट रिकामं दिसलं की वाढतात, नको म्हटलं की अजून वाढतात, इथे आपल्या आग्रहाचं ट्रेनिंग असेल तरच टिकाल. राकिया म्हणजे फळांची कडक दारू नको असेल तर नुसती "झिवेली" म्हणताना डोळ्यात बघून ग्लास ओठाला लावा, एका घोटात रिकामा केलात तर लगेच भरतात.

फिरण्याचं सोपं आहे. १ जानेवारी २०२५ पासून बेलग्रेडच्या बस, ट्राम, ट्रॉलीबस फुकट आहेत, अगदी परदेशी लोकांनाही. मेट्रो नाही. विमानतळावर टॅक्सी दलालांना बळी पडू नका, आत काउंटरवर ठरलेल्या दराची चिठ्ठी मिळते, मी पहिल्या रात्री ती न घेता बाहेर पडले आणि दुपटीच्या वर मोजले. संध्याकाळी कालेमेग्दान किल्ल्यावर, जिथे सावा नदी डॅन्यूबला मिळते. उन्हाळ्यात मुलांना घेऊन आदा त्सिगानलियाच्या तळ्यावर, लोक त्याला बेलग्रेडचा समुद्र म्हणतात. टेस्ला म्युझियममध्ये शास्त्रज्ञ निकोला टेस्ला यांच्या अस्थी सोनेरी गोळ्यात ठेवल्यात, न्यूयॉर्कला १९४३ साली वारले आणि १९५७ मध्ये अस्थी इथे आणल्या. नोवी सादला सोको ट्रेनने जा, ताशी २०० किलोमीटर, पाऊण तासाच्या आत पोचवते, पेत्रोवारादिन किल्ल्यावरच्या घड्याळाचा मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं, नावाड्यांना लांबून दिसावं म्हणून. नोवी सादच्या स्टेशनवर १ नोव्हेंबर २०२४ ला छत कोसळून शेवटी १६ जण गेले, तेव्हापासून विद्यार्थ्यांची आंदोलनं झाली. ११ वाजून ५२ मिनिटांनी, म्हणजे छत कोसळलं त्या वेळेला, चौकात लोक गप्प उभे राहिलेले दिसले तर तुम्हीही थांबा, हॉर्न वाजवू नका, आणि मोर्चा तापलेला असेल तर लांबून जा. दोन दिवस असतील तर मोक्रा गोराची शारगान छोटी रेल्वे, माथेरानच्या गाडीची आठवण येते, फक्त रूळ थोडे जास्त रुंद.

आणि हो, १९९९. नाटोने ७८ दिवस बॉम्बिंग केलं, क्नेझा मिलोशा रस्त्यावर लष्करी मुख्यालयाचा भग्न सांगाडा मी आले तेव्हा बघितला, अवाला डोंगरावरचा टॉवर तेव्हाच पाडला आणि २०१० मध्ये परत उभा केला. "कुठल्या तुम्ही?" ला मी पहिल्यांदा इंडिया म्हणून सटकायचे, कारण नेहरूंचं नाव जुन्या लोकांना माहीत असतं, १९६१ ची अलिप्त देशांची पहिली परिषद इथेच झाली, नवीन बेलग्रेडमध्ये नेहरूंच्या नावाचा रस्तापण आहे. पण मग उच्चारावरून, मुलांच्या बोलण्यावरून अमेरिकेचं कळतंच. आता सरळ दोन्ही सांगते. कोणी तळघरातल्या रात्रींबद्दल बोललं तर वाद घालायचा नाही, सफाई द्यायची नाही, ऐकायचं. राग सरकारवर असतो, तुमच्यावर नाही, आणि पुढच्या मिनिटाला ते बास्केटबॉलवाल्या योकिचवर येतात, सोम्बोरचा मुलगा डेन्व्हरला कसा चॅम्पियन झाला त्यावर. एका आजोबांनी मला १९४४ मध्ये प्रान्यानी गावाकडून ५०० च्या वर दोस्तराष्ट्रांचे विमानवाले, बहुतेक अमेरिकन, कसे सोडवले ते सांगितलं आणि माझं कॉफीचं बिलही भरलं.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलात तर सगळ्या गल्लीला भाजलेल्या मिरच्यांचा वास असतो, ऐवर म्हणजे त्याच मिरच्यांची चटणी घालायचे दिवस, आपल्या वाळवणासारखेच. सोलायला बसवलं तर बसा, बोटं दोन दिवस लाल राहतात. पहिल्या वर्षी शेजारीणबाईंनी बरणी दिली, ती रिकामी परत कशी द्यायची म्हणून मी नारळाच्या वड्या घालून दिल्या, त्यांनी आठवड्याने आलुबुखारची जॅम भरून पाठवली, मग मी चिवडा, मग त्यांनी पुन्हा ऐवर. बरणी सध्या माझ्याकडे आहे, शुक्रवारपर्यंत लाडू वळायचेत आणि बेसन संपलंय.