घुमट वाजवणाऱ्याची नाडी

गोव्यात डिचोलीला चवथीच्या आरत्यांत मी चाळीस वर्षं घुमट, म्हणजे आमचं मातीचं तालवाद्य, वाजवलं. डॉक्टर 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणाले तेव्हा मला एवढंच कळलं, की आतल्या काळजाचा ठेका सुटलाय.

नाडी बघायची ती सकाळी चहाआधी, पाच मिनिटं शांत बसून. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पुरते 60 सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं आपल्या कामाचं नाही, ठोके सारखे पडतच नाहीत. मी आकडा कालनिर्णयावर तारखेखाली लिहितो. बीपीचं यंत्रही एका फेरीत फसवतं, म्हणून तीनदा घेऊन सरासरी काढतो.

लोक धडधडीला घाबरतात. खरा घात गुठळीचा. हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतो, रक्त साचून गोठतं, आणि ती गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. म्हणून छाती गप्प असली तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी सोडायची नाही. लहानपणीच्या संधिवाती तापाने माझी झडप अरुंद झालीय, त्यामुळे मला नव्या गोळ्या नाहीत. रक्त पातळ ठेवणारी जुनी वॉरफरिनच, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवून.

गेल्या श्रावणात मासळी बंद, म्हणून घरात रोज तायकिळा, अळू, नाहीतर तांबडी भाजी. महिनाअखेर आयएनआर 1.4! गोळी एकही चुकली नव्हती. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व गोळीचा जोर मारतं. भाजी सोडायची नाही, पण बाराही महिने साधारण सारखीच खायची. आता बायको एक वाटी मोजून वाढते. मला राग येतो, पण आकडा जागेवर आहे.

उलटी चूकही केली. गुडघा धरला म्हणून शेजाऱ्याकडची दुखण्याची गोळी दोन दिवस घेतली, आणि दात घासताना हिरडीचं रक्त थांबेना. शौच काळी झाली तर थेट डॉक्टर गाठा. दाताच्या डॉक्टरलाही गोळीचं आधी सांगा. डोस विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दोन नकोत.

फेणी? एका लग्नात दोन पेले झाले, रात्रभर काळीज उड्या मारत होतं. सुटली.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर लगेच 108. कधी सुरू झालं ती वेळ सांगा, आणि गोळीचं नावही. माझी चिठ्ठी पाकिटात, मतदार कार्डामागे असते.