सोन्यासाठी ऑस्ट्रेलियाला गेलेला इंग्लिश पोरगा कागदपत्रांत कसा शोधायचा

१८५२ च्या आसपास सोन्याच्या बातम्या ऐकून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया या वसाहतीत गेलेला १८-२० वर्षांचा एखादा पोरगा शोधायचा असेल तर जहाजापासून सुरुवात करू नका. स्वतःचं तिकीट काढून आलेल्यांच्या याद्यांत बऱ्याचदा आडनाव, वय आणि 'मजूर' एवढंच असतं, असे स्मिथ किती निघतील विचार करा.

उलटं जायचं, मृत्यूपासून मागे. व्हिक्टोरियात १८५३ पासून सरकारी नोंदणी आहे आणि तिथलं डेथ सर्टिफिकेट खरंच खजिना आहे: आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, जन्म कुठे, लग्न कुठे आणि कोणाशी, मुलं किती, आणि सगळ्यात कामाचं म्हणजे वसाहतीत येऊन किती वर्षं झाली. ती वर्षं वजा केली की येण्याचं साल अंदाजे मिळतं, मग जहाजांच्या याद्या उघडा. पब्लिक रेकॉर्ड ऑफिस व्हिक्टोरियाच्या साइटवर दोन इंडेक्स फुकट आहेत, सरकारी मदतीने आलेल्यांचा १८३९ ते १८७१ आणि स्वखर्चाने आलेल्यांचा १८५२ ते १९२३. दोन्ही बघा.

सर्टिफिकेटवर माहिती कोणी दिली तेही वाचा हं. बायकोमुलांनी दिली असेल तर बरीचशी भरवशाची, पण पोरगा एकटाच असताना खाणीवर नाहीतर हॉस्पिटलात वारला असेल तर आईवडिलांच्या रकान्यात 'माहीत नाही' सापडू शकतं, आणि ते वाचून माझ्या पोटात कालवाकालव होते, कारण तिकडे घरी कोणीतरी पत्राची वाट बघत असणार आणि पत्र पोचायलाच तीन-तीन महिने. अशा वेळी ट्रोव्ह उघडा. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीची ही साइट फुकट आहे, जुनी वर्तमानपत्रं आहेत, आणि मेलबर्नच्या 'आर्गस'मध्ये 'मिसिंग फ्रेंड्स' नावाखाली हरवलेल्या माणसांना शोधणाऱ्या छोट्या जाहिराती यायच्या. मजकूर कॉम्प्युटरने वाचलेला असल्याने स्पेलिंगं बिघडलेली असतात, म्हणून नुसत्या नावावर थांबू नका, गावाचं नाव, जहाजाचं नाव, बापाचं नाव असं सगळं टाकून बघा.

मग इंग्लंड. ३० मार्च १८५१ ची जनगणना बहुतेक त्याची घरची शेवटची नोंद. आईबापाजवळ नसेल तर दुसऱ्याच्या शेतावर नोकर किंवा कुठेतरी शिकाऊ म्हणून शोधा, त्या वयाची पोरं कामाला लागलेली असायची. त्यात जन्माची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, दिलेली असते आणि तीच लागते, कारण इंग्लंडमधली जन्मनोंदणी जुलै १८३७ ला सुरू झाली, हा पोरगा त्याआधीचा, म्हणजे त्या पॅरिशच्या चर्चचं बाप्तिस्मा रजिस्टरच बघावं लागणार.

रजिस्टरमध्ये नाव सापडलं म्हणून लगेच आपलाच पोरगा समजू नका. आई आणि बाप दोघांचीही नावं डेथ सर्टिफिकेटशी जुळली पाहिजेत, आणि त्याच नावाचं दुसरं मूल लहानपणीच गेलं होतं का, हे दफनाच्या नोंदीत बघून घ्या.